लोकप्रतिनिधींच्या कारकीर्दीची नोंद

लोकप्रतिनिधीची कारकीर्द लिहावयाची म्हणजे नांव, पद व दोन साल लिहिले कीं काम संपलें, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मतें ती चुकीची आहे, आणि विकिडेटासारख्या सार्वजनिक माहितीकोशांत तर अपायकारकही आहे. २०१२ सालीं सुरू झालेल्या या कोशांत कोणाही मनुष्यास भर घालतां येते. तेथील नोंद माणसांप्रमाणें यंत्रेंही वाचतात, आणि एकानें चुकीची लिहिलेली तारीख पाहतां पाहतां दहा ठिकाणीं उतरते.

आपल्या वाशीमचेंच उदाहरण घेऊं. वसंतराव नाईक हे १९७७ सालीं वाशीम मतदारसंघांतून सहाव्या लोकसभेवर निवडून गेले. ती लोकसभा २२ ऑगस्ट १९७९ रोजीं विसर्जित झाली. म्हणून घाईचा लेखक सर्व सभासदांच्या नांवांपुढें तीच तारीख ओढीत जातो. परंतु नाईकसाहेब १८ ऑगस्ट रोजींच सिंगापूर येथें निवर्तले होते. चार दिवसांचा फरक क्षुल्लक वाटेल. पण त्या चार दिवसांत वाशीमला लोकसभेंत प्रतिनिधि होता काय, असें विचारल्यास कोश 'होय' म्हणेल, आणि खरें उत्तर 'नाहीं' असें आहे. यास्तव सभेची अखेर व सभासदाची अखेर या दोन गोष्टी निराळ्या मानाव्या, आणि ती अखेर मृत्यूनें झाली, राजीनाम्यानें झाली कीं विसर्जनानें झाली, हेंही त्याच नोंदींत लिहावें.

याहून बिकट प्रश्न त्यांच्या मुख्यमंत्रिपदाचा आहे. ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते अखंड मुख्यमंत्री होते. मध्यें १९६७ व १९७२ च्या निवडणुका झाल्या. ही एक कारकीर्द कीं तीन? आमदार-खासदारांची नोंद प्रत्येक सभागृहागणिक वेगळी असावी, कारण सभा विसर्जित होतांच सभासदत्व संपतें. मुख्यमंत्र्याचें तसें नाहीं; सभा नसली तरी राज्याचा कारभार चालूच राहतो. म्हणून तेथें एकच नोंद आम्हांस रास्त वाटते. त्यांच्या आधीं कोण, हाही प्रश्न आहेच. मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजीं वारले, आणि नाईकांच्या शपथविधीपर्यंत पी. के. सावंत यांनीं कारभार पाहिला. हंगामी म्हणून त्यांस गाळणें आम्हांस मान्य नाहीं. 'हंगामी' असें लिहावें, पण लिहावें.

स्थळाविषयींही दक्षता हवी. गुलाम नबी आझाद १९८० व १९८४ मध्यें वाशीमहून निवडून आले, तेव्हां हा मतदारसंघ होता, पण जिल्हा नव्हता; तो १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून वेगळा झाला. आतां जिल्हा आहे, पण तो जुना मतदारसंघ नाहीं. २००९ च्या निवडणुकीपासून यवतमाळ-वाशीम असा नवा संघ झाला, आणि आपलें रिसोड तर अकोल्याच्या संघांत गेलें. भावना गवळी १९९९ व २००४ मध्यें जुन्या संघांतून, आणि २००९, २०१४ व २०१९ मध्यें नव्यांतून निवडून आल्या. या पांच नोंदी एकत्र केल्या, तर हा बदल कोणासही कळणार नाहीं.

तारीख ठाऊक नसल्यास केवळ साल लिहावें. कोशांत तशी सोय आहे. अंदाजानें १ जानेवारी ठोकून देणें हा आळस होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस या कामाची हौस असेल, त्यांनीं लोकसभेनें प्रसिद्ध केलेल्या सभासद-परिचयाशीं ताडून पाहिल्यावांचून एकही तारीख घालूं नये, आणि पालकांनींही ती केवळ आठवणीवरून सांगूं नये.

जो खासदार अद्याप पदावर आहे, त्याच्या नोंदींतील अखेरचा रकाना रिकामा ठेवावा. पांच वर्षें मोजून पुढील साल आधींच लिहिण्याची हौस कित्येकांस असते. सुधाकरराव नाईक १९९८ सालीं वाशीमहून बाराव्या लोकसभेवर गेले. ती सभा २६ एप्रिल १९९९ रोजींच विसर्जित झाली.