शिळ्या उत्तराचें निदान

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलगा, मुलगी, सून किंवा जांवई पुण्यास, बंगळूरास अथवा परदेशीं संगणकाच्या व्यवसायांत आहेत. हीं मंडळी रात्रीं उशिरापर्यंत यंत्रापुढें बसलेलीं दिसतात. 'काय अडलें आहे?' असें वडील माणसांनीं विचारलें तर 'कॅशचा घोळ आहे' एवढेंच उत्तर मिळतें, आणि विचारणारा बिचारा कचेरींतील रोकडीचा कांहीं अपहार झाला कीं काय, या चिंतेनें निजावयास जातो. या मासीं त्या घोळाचें स्वरूप समजावून घेण्याचा विचार आहे. विषय रूक्ष वाटला तरी तो आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. रुग्णालयांतील औषधांची यादी, विम्याचा हप्ता, गाडीचें आरक्षण यांविषयीं पडद्यावर आपणांस जीं उत्तरें मिळतात, तीं ताजीं कीं शिळीं हें पुष्कळदां याच गोष्टीवर ठरतें.

प्रथम शब्दाविषयीं. या कॅशचा रोकडीशीं कांहीं संबंध नाहीं. उच्चार एक असला तरी हा शब्द फ्रेंच भाषेंतील 'लपविणें' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. मोठा पण मंद सांठा एकीकडे असूं द्यावा, आणि त्यांतील वारंवार लागणारी वस्तु तेवढी एका लहान, चपळ सांठ्यांत हाताशीं ठेवावी, ही कल्पना केंब्रिजचे प्राध्यापक मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं एका लेखांत मांडली. पुढें आयबीएम कंपनीनें १९६८ सालीं जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या यंत्रांत ती उतरली, आणि 'कॅश' हें नांव रूढ झालें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ही व्यवस्था नवी वाटूं नये. तांदूळ किती उरले हें पाहावयास दर वेळीं कोठीचें कुलूप काढून डबे उघडावे लागत नाहींत. आजीला विचारावें, ती बसल्या जागेवरून सांगते. तिचें उत्तर तत्काळ मिळतें आणि बहुधा खरेंही असतें. परंतु रात्रीं अवचित पाहुणे आले, धाकट्या सुनेनें दोन किलो तांदूळ काढले आणि सांगावयाचें राहून गेलें, तर सकाळीं आजी आदल्या दिवशींचाच आंकडा निःशंकपणें सांगेल. यांत आजीच्या स्मरणशक्तीचा दोष नाहीं. तिला जें कळलें होतें तें तिच्या बरोबर ध्यानांत आहे. जें कळलेंच नाहीं, तें ती ध्यानांत ठेवणार कशी?

आमच्या नैयायिकांनीं हा भेद नेमका ओळखला होता. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत ज्ञानाचे स्मृति आणि अनुभव असे दोन प्रकार केले असून, प्रमा ही संज्ञा यथार्थ अनुभवासच दिली आहे. स्मृति ही केवळ पूर्वसंस्कारांतून उपजते. ती खरी असली तरी तिचें खरेपण उसनें असतें. ज्या अनुभवावर ती उभी आहे, त्यानंतर वस्तु बदलली आहे कीं नाहीं, हें तिचें तिला कळत नाहीं. एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुढचें सर्व सोपें आहे.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९५ सालीं प्रसिद्ध केली. बँका, विमा कंपन्या, रुग्णालयें अशा मोठ्या कारभाराचे असंख्य प्रोग्रॅम आज तिच्यांत लिहिलेले आहेत. कारभाराची माहिती मात्र प्रोग्रॅमच्या पोटांत नसते. ती डेटाबेसमध्यें, टेबलांत, म्हणजे रकाने आंखलेल्या तक्त्यांत असते. प्रोग्रॅम डेटाबेसला जो प्रश्न विचारतो, त्यास क्वेरी म्हणतात. या दोहोंमधील दुभाष्याचें काम करणारें एक फार प्रचलित साधन म्हणजे हायबरनेट. गॅव्हिन किंग यांनीं तें २००१ सालीं सुरू केलें, आणि २००६ सालीं सिद्ध झालेल्या जेपीए या नियमावलीवर त्याची मोठी छाया आहे.

हायबरनेटपाशीं स्मरणाचे तीन थर आहेत. पहिला एका कामापुरता. काम संपलें कीं तो पुसला जातो. दुसरा सर्व कामांस समाईक. त्यांत एकेका वस्तूची नोंद राहते, म्हणजे अमुक क्रमांकाचें औषध तें हें, अशी. तिसरा थर क्वेरी कॅशचा. त्यांत प्रश्न आणि त्याचें उत्तर अशी जोडी ठेविलेली असते. तोच प्रश्न पुन्हां आला कीं डेटाबेसपर्यंत न जातां उत्तर तेथूनच दिलें जातें. बहुतेक घोळ या तिसऱ्या थराभोंवतीं होतो.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका रुग्णालयांत 'वॉर्डांत देण्यास योग्य औषधें' ही यादी परिचारिका दिवसांतून शेंकडों वेळां उघडतात. डेटाबेसवरील भार कमी व्हावा म्हणून ती यादी क्वेरी कॅशमध्यें ठेविली आहे. एके दिवशीं उत्पादकानें एका औषधाची एक खेप सदोष म्हणून परत मागविली. भांडारांतील कर्मचाऱ्यानें ती खेप 'बंद' अशी डेटाबेसमध्यें तत्परतेनें नोंदविली. तरीही वॉर्डांतील पडद्यावर ती अजून 'योग्य' म्हणूनच दिसत आहे. शिळ्या भातानें फार तर पोट बिघडेल. या शिळ्या उत्तरानें एखाद्याच्या जिवावर बेतेल.

अशा वेळीं पुष्कळ तरुण पहिल्या झटक्यास सर्व्हर बंद करून पुन्हां सुरू करतात. स्मरण पुसलें जातें, पडदा बरोबर दिसूं लागतो आणि सर्वांस हायसें वाटतें. परंतु रोगाचें कारण जागच्या जागीं राहतें आणि पुरावा तेवढा नाहींसा होतो. रुग्णास धोका असेल तेथें स्मरण ताबडतोब पुसावेंच; पण पुसण्यापूर्वीं क्षणभर थांबून लक्षणें टिपून घ्यावीं. तोच प्रश्न दोन ठिकाणीं विचारावा, एकदां प्रोग्रॅममार्फत आणि एकदां थेट डेटाबेसला. दोन्हींकडून सारखेंच चुकीचें उत्तर आलें, तर कॅश निर्दोष आहे. मूळ नोंदच चुकली. डेटाबेस नवें सांगत असून प्रोग्रॅम जुनें सांगत असेल, तरच स्मरणावर संशय घ्यावा. आणि प्रोग्रॅमचेंच उत्तर एकदां नवें, एकदां जुनें असें आलटून पालटून येत असेल, तर बहुधा सर्व्हर एकाहून अधिक आहेत, प्रत्येकाची कॅश निराळी आहे, आणि एकाची वार्ता दुसऱ्यास पोहोंचत नाहीं, असें समजावें.

संशय पक्का झाला म्हणजे पुढचा प्रश्न असा कीं, बदल कोणत्या दारानें आला? कोणत्या टेबलास शेवटचा हात केव्हां लागला, याची एक वही हायबरनेट ठेवतें. सांठविलेलें उत्तर देण्यापूर्वीं तें ही वही पाहतें, आणि उत्तर सांठविल्यानंतर टेबल बदललें असेल तर तें उत्तर टाकून देऊन डेटाबेसकडे जातें. व्यवस्था चांगली आहे. पण वहींत नोंद होते ती हायबरनेटच्या हातून गेलेल्या बदलांचीच. भांडाराचा कर्मचारी दुसऱ्याच प्रोग्रॅमांतून, किंवा थेट डेटाबेसमध्यें एसक्यूएलचें वाक्य लिहून बदल करील, तर वहीला त्याचा गंधही नसतो. धाकट्या सुनेची गोष्ट ती हीच. यावर उपाय म्हणजे सर्व बदल एकाच दारानें येऊं द्यावे. तें शक्य नसेल तर बदल करणाऱ्या कामाच्या शेवटीं त्या यादीचें स्मरण पुसण्याची आज्ञा जोडावी. आणि कांहीं झालें तरी प्रत्येक उत्तरास आयुष्याची मुदत घालून ठेवावी, म्हणजे चूक झाली तरी ती अमर होत नाहीं.

याहून सूक्ष्म असें दुसरें एक कारण आहे. ती वहीसुद्धां कॅशमध्येंच राहते. कोणीं जागा वांचविण्यासाठीं वहीस पांच मिनिटांची आणि उत्तरांस एक तासाची मुदत घातली, तर वहींतील नोंद आधीं पुसली जाते. बदलाची नोंद सांपडली नाहीं, याचा अर्थ हायबरनेट 'बदल झालाच नाहीं' असा घेतें आणि जुनें उत्तर ताजें म्हणून पुढें करतें. म्हणून त्या वहीची मुदत सर्व उत्तरांच्या मुदतीहून मोठी असावी. तिला मुदतच नसेल तर उत्तम.

आतां दुसरा रोग. येथें उत्तर खरें असतें. पण कॅश असूनही काम मंद चालतें. या रोगांत अंदाज बांधूं नयेत. हायबरनेटची आंकडेवारी चालू करावी. तींत हिट म्हणजे किती वेळां उत्तर स्मरणांत सांपडलें, मिस म्हणजे किती वेळां सांपडलें नाहीं, आणि पुट म्हणजे किती वेळां नवें उत्तर ठेविलें, हे तीन आंकडे मिळतात. नाडीपरीक्षेप्रमाणें ते वाचतां आले पाहिजेत.

तिन्ही आंकडे शून्य असतील तर कॅश वापरलीच जात नाहीं. क्वेरी कॅशला दोन कळा आहेत. एक सबंध प्रोग्रॅमची. दुसरी प्रत्येक प्रश्नाची, 'हा प्रश्न सांठवावा' असें सांगणारी. पहिली दाबून दुसरी विसरणें, ही नित्याची गोष्ट आहे.

पुट पुष्कळ आणि हिट एकही नाहीं, असें दिसल्यास प्रश्न दर वेळीं बदलत असावा. 'आतांच्या क्षणापर्यंत मुदत न संपलेलीं औषधें' असा प्रश्न असेल आणि 'आतांचा क्षण' सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून दिला असेल, तर कोणतेहि दोन प्रश्न सारखे होणार नाहींत. क्षणाच्या जागीं आजची तारीख दिली कीं तोच प्रश्न दिवसभर पुरतो.

हिट मिळतात, पण मधूनमधून सर्व स्मरण एकदम निकामी होतें, असें असेल तर लिहिणारा शोधावा. टेबलांत एक ओळ बदलली तरी त्या टेबलावर अवलंबून असलेलीं सर्व उत्तरें बाद होतात. म्हणून सतत बदलणाऱ्या टेबलाचीं उत्तरें सांठविणें म्हणजे चाळणींत पाणी भरणें होय. शिवाय हायबरनेटमार्फतच पण थेट एसक्यूएलच्या वाक्यानें बदल केला, आणि कोणत्या टेबलास हात लागला हें सांगितलें नाहीं, तर तें सावधगिरीनें सर्वच टेबलें बदललीं असें धरून चालतें. टेबलाचें नांव सांगितलें कीं हा व्यय थांबतो.

सर्वांत फसवें लक्षण चौथें: हिट भरपूर आणि तरीही पडदा मंद. हायबरनेटच्या ५ व्या मालिकेपर्यंत क्वेरी कॅशमध्यें यादींतील वस्तूंचे केवळ क्रमांक सांठविले जात. यादींत २०० औषधें असतील तर २०० क्रमांक तत्काळ मिळत; परंतु त्या औषधांच्या नोंदी दुसऱ्या थरांत नसतील, तर एकेक नोंद आणावयास डेटाबेसकडे २०० खेपा होत. जें काम कॅशवांचून एका खेपेंत झालें असतें, त्यास आतां दोनशें! ६ व्या मालिकेंत सांठविण्याची रीत बदलली, आणि ६.५ आवृत्तीपासून क्रमांक सांठवावे कीं पूर्ण वस्तु, हें निवडतां येतें. जुन्या मालिकेवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांत मात्र हें लक्षण दिसल्यास त्या वस्तूंसही दुसऱ्या थरांत जागा द्यावी, नाहीं तर त्या प्रश्नाची कॅश बंद करावी.

स्मरण ठेविलें कीं लाभच होतो, असें नाहीं. मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसच्या पोटांतच प्रश्नोत्तरांची एक कॅश होती. तेथेंही टेबलाच्या एका बदलानें त्याचीं सर्व उत्तरें बाद होत. शिवाय त्या एका सांठ्याच्या दाराशीं अनेक कामांची रांग लागे, आणि एकाच वेळीं पुष्कळ कामें करणाऱ्या नव्या यंत्रांवर ती सोयच अडसर ठरे. अखेर २०१७ सालीं ५.७.२० या आवृत्तींत ती त्याज्य ठरविली गेली, आणि २०१८ सालच्या ८.० आवृत्तींतून ती काढूनच टाकली.

तात्पर्य, कोणतेंही उत्तर सांठविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. हें किती वेळां विचारलें जातें? हें किती वेळां बदलतें? आणि हें शिळें निघालें तर कोणाचें काय बिघडेल? पहिले दोन प्रश्न सर्वजण विचारतात. कारण त्यांचीं उत्तरें आंकड्यांत देतां येतात. तिसरा बहुधा राहून जातो, आणि सर्वांत वजनदार तोच आहे. जिल्ह्यांचीं नांवें, पिनकोड, चलनांची यादी हीं खुशाल सांठवावीं. खात्यांतील शिल्लक, रिकाम्या जागा, बंद केलेल्या औषधाची खेप यांच्याबाबतींत मात्र यादी हवी तर स्मरणांतून दाखवावी. पण पैसे देण्याच्या, जागा राखण्याच्या किंवा औषध हातीं देण्याच्या क्षणीं मूळ डेटाबेसलाच पुन्हां विचारावें. त्या एका खेपेचा खर्च कधींही महाग नाहीं.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दाखवावी, ती म्हणजे यादी केव्हांची आहे तें. शहाणी आजी 'चार किलो तांदूळ आहेत' असें न म्हणतां 'काल संध्याकाळीं चार किलो होते' असें म्हणते, आणि पंगत मोठी असली म्हणजे सुनेच्या हातीं कोठीची किल्ली देते. घरांतील तरुण मंडळींस पुन्हां रात्रीं यंत्रापुढें बसलेलीं पाहाल, तेव्हां त्यांस चहा द्यावा आणि एवढेंच विचारावें: 'बदल कोणत्या दारानें आला, तें पाहिलेंस का?'