सामाईक विहीर

गेल्या आठवड्यात आमच्या स्टुडिओत एक कोटेशन आलंय आणि तेव्हापासून माझं आणि भागीदाराचं धड बोलणं नाही. भांडण पैशांचं आहे, पण नुसतं पैशांचं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी नातेवाईक मंडळींसाठी थोडं. (मी एडिटर आहे म्हटल्यावर "कुठल्या पेपरात?" असं विचारणारे मामा अजून आहेत. मामा, पेपर नाही हो, व्हिडिओ!) शूटिंग झालं की जो कच्चा माल येतो त्याला आम्ही रशेस म्हणतो. पूर्वी तो प्रत्येक एडिटरच्या टेबलावरच्या हार्ड डिस्कमध्ये असायचा. प्रोमोवाल्याला तेच शॉट हवे असले की डिस्क उचलून त्याच्या खोलीत न्यायची, नाहीतर कॉपी करत रात्र काढायची. साउंडवाला तिसरी कॉपी मागणार, कलरवाला चौथी. शेवटी कुठल्या डिस्कवरचा कट खरा हे शोधण्यात अर्धा दिवस. यावर उपाय म्हणजे शेअर्ड स्टोरेज. एका पेटीत आठ-बारा डिस्क, पेटी नेटवर्कला जोडलेली, आणि चार खोल्यांतले चार एडिटर एकाच मालावर एकाच वेळी काम करणार. एके काळी हे फक्त मोठ्या चॅनेलांना आणि मोठ्या स्टुडिओंना परवडायचं, आता आमच्यासारख्या चार खुर्च्यांच्या दुकानालाही परवडतं. तेच ते कोटेशन. आठ डिस्कची पेटी, स्विच, केबल, बसवून देण्याचे वेगळे.

माझ्या आजोळी एक सामाईक विहीर होती. सातबाऱ्यावर हिस्से लिहिलेले, तीन घरांच्या पाळ्या ठरलेल्या. त्या विहिरीवरून मी लहानपणी जेवढी भांडणं ऐकली, त्यात पाणी कमी पडलं म्हणून झालेलं एखादंच असेल. बाकी सगळी, पाळी कोणाची आणि गाळ काढायचा कोणी, यावरून. कोटेशन वाचताना मला सारखी ती विहीर आठवत होती. त्यात पाण्याचा हिशोब चोख होता. पाळीचा आणि गाळाचा एक शब्द नव्हता.

पाण्याचा हिशोब तसा सोपा असतो. साधं गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास देतं. फोर-केचा प्रोरेस ४२२ माल, आपल्याकडच्या २५ फ्रेमचा, सेकंदाला साधारण ६१ मेगाबाइट खातो. म्हणजे त्या नळावर एक एडिटर आरामात, दुसरा बसला की दोघेही अडखळणार. त्याच मालाची हलकी प्रत, म्हणजे एचडीतली प्रॉक्सी, केली तर पाच मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत, चौघं सुखाने बसतील. तेव्हा एकतर जाड नळ घ्या नाहीतर प्रॉक्सी करा. पण प्रॉक्सी करायच्या कोणी? रोज संध्याकाळी कार्ड आल्यावर, नीट नावं देऊन, कॉपी तपासून? इथे भागीदार गप्प होतो.

पाळीचं तर त्याहून अवघड. फिल्मच्या काळात एडिटिंग रूममध्ये एक कापडी अस्तराची पेटी असायची, तिच्यावर आकड्यांना शॉटच्या पट्ट्या टांगलेल्या. तिला बिन म्हणायचे, म्हणून आज कॉम्प्युटरवरच्या फोल्डरलाही बिनच म्हणतात. ती पट्टी माझ्या टेबलावर असली की दुसऱ्याच्या टेबलावर असूच शकायची नाही. कुलूप निसर्गानेच लावलेलं! फाईल झाल्यावर ते कुलूप गेलं, आणि मुद्दाम नवं बनवावं लागलं. ॲव्हिडमध्ये ते फार आधीपासून आहे. तिथे प्रत्येक बिन ही वेगळी फाईल. मी उघडली की माझ्याकडे हिरवं कुलूप आणि बाकीच्यांकडे लाल. त्यांनी बघावं, हात लावू नये. रिझॉल्व्हमध्ये हे २०१७ साली आलं, प्रीमिअरमध्ये प्रॉडक्शन्स आलं २०२०ला. आणि या कुलपांशिवाय आम्ही पुष्कळ जण वर्षानुवर्षं एका सर्व्हरवर काम करत होतो. मीही.

आता जे लिहिणार आहे ते घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी नोकरीला होते. रोजची मालिका, चार एडिटर, एक सर्व्हर आणि एक असिस्टंट. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा, मला ताई म्हणायचा. कार्ड उतरवणं, नावं देणं, जागा मोकळी करणं, चहा सांगणं, सगळं त्याच्याकडे. एक दिवस संध्याकाळी सात वाजता कळलं की उद्याच्या भागाचं दुपारभराचं काम गायब आहे. प्रोजेक्ट सकाळी होता तसा. ऑटोसेव्ह होतं, पण मधेच गाडी अडकते म्हणून कोणीतरी बंद करून ठेवलेलं. आरडाओरडा झाला, आणि सर्व्हरवरची साफसफाई कोण करतं, तर तो मुलगा. त्याने काहीतरी जुनं वर टाकलं असणार, असं ठरलंच. तो नाही नाही म्हणत होता. त्या एडिटरने पहाटेपर्यंत बसून भाग पुन्हा कापला, आणि मुलाला महिनाअखेरीस यायला नको म्हणून सांगितलं.

दोन आठवड्यांनी दुसरंच काही शोधताना मी त्या फाईलची वेळ बघितली. सहा वाजून चाळीस मिनिटं. आणि मला सगळं आठवलं. सकाळी एक शॉट बघायला मी तोच प्रोजेक्ट माझ्या खोलीत उघडला होता, तसाच उघडा ठेवून मीटिंगला गेले होते. संध्याकाळी आले, आणि आम्हा लोकांना असते तशी बोटांना सवय, सेव्ह केलं. काही चौकटही आली असेल समोर, एंटर मारलं असेन. जो शेवटी सेव्ह करेल त्याचं खरं, एवढाच नियम होता त्या सर्व्हरचा.

मी वरिष्ठांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आता काय त्याचं." त्या मुलाला सांगायचं मात्र राहिलं. राहिलं म्हणजे, मी ठेवलं.

पिक्सारची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. १९९८ साली 'टॉय स्टोरी २'वर काम चालू असताना कोणीतरी सर्व्हरवर एक चुकीची कमांड दिली आणि सिनेमा डोळ्यांदेखत पुसला जाऊ लागला. बॅकअप काढायला गेले तर तोही नीट चालत नव्हता. गॅलिन सुस्मन नावाच्या टेक्निकल डायरेक्टर बाई लहान बाळामुळे घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत निघाली म्हणून निभावलं. गोष्ट एवढीच सांगितली जाते. मला आवडलेला भाग पुढचा आहे. एड कॅटमुल यांनी २०१४च्या पुस्तकात लिहिलंय की सिनेमा परत मिळवणं, बॅकअप दुरुस्त करणं, पुसण्याची कमांड सहज हाताशी न ठेवणं, एवढंच त्यांनी ठरवलं. ती कमांड कोणी दिली हे शोधून त्याला शिक्षा करणं यादीतच नव्हतं.

आमच्याकडे यादीत फक्त तेवढंच होतं.

म्हणून माझा हट्ट असा आहे की पेटी आठऐवजी सहा डिस्कची घ्या आणि उरलेल्या पैशात पूर्ण वेळ असिस्टंटचे पहिले काही पगार बाजूला काढा. अनुभवी असिस्टंट, चहा सांगणारा पोऱ्या नव्हे. मूळ रशेसच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी फक्त त्याला. मला नाही, भागीदाराला तर नाहीच नाही. (हे वाक्य त्याने वाचावं म्हणूनच लिहिलंय.) बाकी सगळ्यांनी बघावं, वापरावं. पेटीतली एक डिस्क मेली तर माल वाचतो हे खरं, पण माणसाने चुकून पुसलं तर ते सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे पुसलं जातं. तेव्हा रोज रात्री दुसरी प्रत, आणि ती आठवड्याला इमारतीबाहेर जायला हवी. हे करणाऱ्याला नाव आणि पगार पाहिजे, 'आपण सगळे मिळून बघू' हे मी ऐकणार नाही. आजोळच्या विहिरीत आज आंबा आणि पिंपळ उगवलेत.

भागीदाराचं म्हणणं, आता क्लाऊडवर सगळं होतं, सॉफ्टवेअर स्वतः कुलूप लावतं, माणूस कशाला. कुलूप लावतं हे मान्य. पण कुलूप लावून जेवायला गेलेल्या एडिटरला फोन करून "ताई, बिन सोडा" म्हणायला कोणीतरी लागतंच ना! आणि ते म्हणायची त्याला भीती वाटता कामा नये, ही खरी अडचण आहे.

तो मुलगा आता स्वतः एडिटर आहे, चांगलं काम करतो. मागे एका मिक्सिंगला भेटला तेव्हा आम्ही रेटवर बोललो, वडापाव खाल्ला. हा ब्लॉग तो वाचतो की नाही मला माहीत नाही. उद्या त्याला फोन करून लिंक पाठवणार आहे, आणि लिंकच्या आधी तोंडाने सांगणार आहे.

कोटेशन दुरुस्त करून पाठवलंय. सोमवारी उत्तर येईल.