फुंकर मारली की गेम सुरू

दिवाळीला दारव्ह्याला घरी गेले तर हॉलमध्ये सगळे टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले. पुण्यात नोकरी करणाऱ्या दादानं ऑनलाइन मागवलेला एक छोटासा बॉक्स टीव्हीला लावला होता. त्यात शेकडो जुने गेम अन् दोन रिमोट. (त्याला कंट्रोलर म्हणतात हे मला मास कॉमला आल्यावर कळलं. आमच्याकडे तो रिमोटच.) स्क्रीनवर काँट्रा चालू होता. मी चप्पल काढायच्या आधीच दादानं दुसरा रिमोट माझ्याकडे फेकला, “ये बे, लाल चड्डीवाला तुझा.”

दुसराच रिमोट! पंधरा वर्षं झाली, तरी पहिला रिमोट माझ्या हाती आला नाही. मुलींचा अन् धाकट्यांचा रिमोट कायम दुसरा. मारियोमध्ये आपण लुईजी, काँट्रामध्ये लाल चड्डी. धबधब्याची लेव्हल आठवते का? तिथं एक जण उड्या मारत भराभर वर गेला की स्क्रीन त्याच्यासोबत वर सरकते आणि खाली राहिलेला आपोआप मरतो. दादा वर जायचा, मी मरायचे. बसस्टँडकडच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तर मुली जायच्याच नाहीत. त्यामुळे ‘आमच्या वेळचे गेम लय भारी होते’ असं कुणी म्हणालं की माझ्या मनात आधी येतं, कुणाच्या वेळचे?

तरी पण खेळले. दोन तास खेळले. अन् खोटं कशाला बोलू, मजा आली.

सध्या या जुन्या गेम्सची लाटच आहे. रील्समध्ये मारियोचं म्युझिक आहे, टी-शर्टवर पॅक-मॅन आहे, हजार-दीड हजारात हातात मावणारे ‘रेट्रो’ कन्सोल मिळतात. ॲपलनं २०२४ च्या एप्रिलमध्ये जुने गेम चालवणारी इम्युलेटर ॲप्स आपल्या स्टोअरवर येऊ दिली, तेव्हापासून आयफोनवाले मित्रही लेक्चरमध्ये मागच्या बाकावर बसून हेच करताना दिसतात. मारियोला १३ सप्टेंबर २०२५ ला चाळीस वर्षं झाली. म्हणजे तो माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा. मग मला त्याची आठवण ‘माझं बालपण’ म्हणून कशी काय येते?

उत्तर सोपं आहे, दारव्ह्याला तो उशिरा पोचला. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये आला १९८३ मध्ये. आपल्याकडे घराघरात पोचल्या त्या त्याच्या चिनी नकला. ‘टीव्ही गेम’ या एका नावाखाली विकला जाणारा काळा-पांढरा डबा अन् पिवळी कॅसेट. मोठ्या शहरातली मुलं प्लेस्टेशन खेळत होती तेव्हा, २०११ च्या आसपास, आमच्या घरी १९८५ चा मारियो नवा कोरा म्हणून आला. कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९९९९ इन १’. एक कमी एक कोटी गेम! प्रत्यक्षात पंधरा-वीसच, तेच फिरून फिरून. कुठं मारियो उंच उडायचा, कुठं काँट्रा मधल्या लेव्हलपासून सुरू व्हायचा, तेवढाच फरक. पण आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत एक-एक आकडा उघडून पाहिलाय. काँट्राच्या तीस लाइफवाला आकडा ज्याला माहीत त्याचा गल्लीत मान असायचा. मुळात ही तीस लाइफची युक्ती बटणं एका ठराविक क्रमानं दाबायची होती. काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरनं ती आधी १९८६ च्या ग्रॅडियससाठी बनवली. का, तर गेम तपासताना त्यालाच तो फार अवघड जात होता म्हणून. ज्यानं बनवला त्यालाही जमेना, तिथं आपण कोण.

आणि कॅसेट चालली नाही की काढायची, फू करून फुंकायची अन् परत लावायची. फुंकण्याचा खरं तर उपयोग नव्हता म्हणे, उलट तोंडाच्या वाफेनं धातूचे पट्टे खराब व्हायचे. काढून पुन्हा नीट बसवल्यानं ती चालायची. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

दादाच्या नव्या बॉक्समध्ये एक गोष्ट नव्हती. बंदूक. मग आजीच्या खोलीतल्या लोखंडी पेटीतून जुनी काढली, जुना डबाही काढला. डबा चक्क सुरू झाला. बदकांचा गेम लावला, बंदूक रोखली, ठो! बदक पडेना. अगदी टीव्हीला नळी टेकवून मारलं तरी नाही. अन् तो कुत्रा आपला गवतातून वर येऊन फिदीफिदी हसतोय.

याचं कारण शोधलं तेव्हा मी थक्क झाले. बंदुकीतून काही निघतच नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक सेन्सर असतो. आपण चाप ओढला की टीव्ही डोळ्याला कळणार नाही इतक्या कमी वेळासाठी पूर्ण काळा होतो, अन् बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीला अंधारानंतर लगेच उजेड दिसला तर नेम बरोबर. हा सगळा हिशोब जुन्या डबा टीव्हीच्या चित्र काढण्याच्या वेगावर बेतलेला. आजचा एलईडी टीव्ही चित्र दाखवायच्या आधी त्यावर थोडी प्रक्रिया करतो, तेवढा उशीर झाला की बंदूक आंधळी. म्हणजे गेम आहे, डबा आहे, बंदूक आहे, पण ज्याच्यावर तो चालायचा तो जुना टीव्ही आम्ही भंगारवाल्याला कधीच देऊन टाकलेला. तेव्हाची सगळी हुशारी अशा अडचणींतून आलेली आहे. अख्खा सुपर मारियो ४० केबीत बसतो. आजीच्या मोबाइलवर रोज सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा ‘शुभ सकाळ’ यापेक्षा जड असतो. जागा वाचवायला त्यातले ढग अन् झुडपं एकाच चित्राची केलीत, नुसता रंग वेगळा. आता पाहा, दिसेल.

हे सगळं चालू असताना काकांचा पाचवीतला मुलगा बाजूला बसून बघत होता. त्यानं विचारलं, “ताई, यात आयडी कुठं बनवाची?” आयडी नसते म्हटल्यावर, “मंग स्किन कशी चेंज करते?” तेही नाही म्हटल्यावर त्यानं सरळच विचारलं, “मंग हे खेळून भेटते काय?”

आम्ही हसलो. पण तो प्रश्न डोक्यात राहिला, कारण त्याच खोलीत ज्याला खेळून काही तरी ‘भेटलं’ होतं असा एक जण बसला होता.

नात्यातला एक दादा, त्याचं नाव राहू द्या. त्यानं मोबाइलवर रमीचं ॲप घेतलं. आधी बोनस मिळाला, मग तीनशे रुपये जिंकला, मग हरला, मग हरलेले परत मिळवायला खेळला. घरी कळेपर्यंत दोन एकरातल्या सोयाबीनचे पैसे गेले होते. सोयाबीनचा हमीभाव २०२५ मध्ये क्विंटलला ५,३२८ रुपये होता, तो हाती येताना किती येतो हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. त्या वर्षीच्या पावसानं काय केलं तेही नाही. त्या दादाच्या वडिलांनी ते पैसे मोजले होते ते पोत्यांवर. यानं ते घालवले रात्री पांघरुणात, आवाज बंद करून.

केंद्र सरकारनं २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ला, अन् २२ ला राष्ट्रपतींची सही, इतक्या घाईनं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं किंवा पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे बरं केलं. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक यात २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. कंपन्या कोर्टात गेल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. (त्याच्या महिनाभर आधी आपल्याकडे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा म्हणून एक व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, समोर आलेलं स्किप करत होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं अन् क्रीडा खातं आलं. यावर आमच्या कट्ट्यावर झालेले विनोद छापण्याजोगे नाहीत.)

मला वाटतं, जुन्या गेम्सच्या प्रेमाचा अन् या कायद्याचा संबंध आहे. पण तो ‘तेव्हाचे गेम निरागस, आताचे वाईट’ इतका सरळ नाही. तेव्हाचे गेम काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. ते इतके अवघड का असायचे? काँट्रा १९८७ मध्ये आधी आला तो नाणं टाकायच्या मशीनवर. तिथं तुम्ही लवकर मेलात तरच मालकाला दुसरं नाणं मिळणार. तीन लाइफ म्हणजे धंद्याचं गणितच होतं. फरक इतकाच की खिशातली नाणी संपायची अन् पोरगं घरी यायचं. घरच्या डब्याला तर एकदा विकत घेतल्यावर तुम्ही शंभर वेळा मेलात काय न् हजार वेळा, काही देणंघेणं नव्हतं. आता नाणं संपतच नाही. यूपीआयची पिन टाकली की झालं. गेम कुठं थांबायचा हे आता आपला खिसा ठरवत नाही, ज्याला तो थांबू द्यायचा नाही तो ठरवतो.

पैशांच्या गेम्सवर बंदी आली, ती मला मान्य आहे. पण त्या पाचवीतल्या पोराचा गेम पैशांचा नाही, तो कायद्यानं ‘सोशल’ गेम. त्यात स्किन आहेत, डायमंड आहेत, आज नाही आलास तर बक्षीस हुकेल अशी रोजची ओढ आहे. जिंकून पैसे मिळत नाहीत, नुसते जातात. या भागाबद्दल आपण अजून नीट बोलायलाच सुरुवात केलेली नाही.

दुसरी गोष्ट आठवणीची. मी दहा वर्षांनी पेटी उघडली अन् डबा चालला. हा पोरगा दहा वर्षांनी काय उघडेल? २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. लॉकडाऊनमध्ये रात्र-रात्र जागून कमावलेलं सगळं एका दिवसात गायब. बंदीची कारणं वेगळी होती, त्या वादात मी जात नाही. पण कंपन्या स्वतःहूनही तेच करतात. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, अन् पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या हातात मेला. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम उभी राहिली, २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज दुकानात अधिकृतपणे मिळतच नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात आढळलं. मग ते जिवंत राहिले कशावर? बहुतेक करून नकलांवर. आमचा पिवळी कॅसेटवाला डबा चोरीचा माल होता, दादाचा नवा बॉक्सही बहुधा तसलाच, हे कबूल करायला पाहिजे. ज्यांनी तो मारियो घडवला त्यांना आमच्या घरातून एक रुपया गेलेला नाही.

दारव्ह्याला जुन्या गोष्टींवर प्रेम करायची तशी सवय आहे. आमची शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज. इंग्लंडात १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. मोतीबाग स्टेशनचं नाव काढलं की कुणीही अर्धा तास बोलतं. पण गाडी नाही. आठवण ठेवणारे भरपूर अन् रूळ सांभाळणारं कुणी नाही, असं गेम्सचंही होऊ शकतं.

आता यात नोकऱ्याही आहेत म्हणतात. राज्य मंत्रिमंडळानं २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ॲनिमेशन-गेमिंगसाठी तीन हजार कोटींहून मोठं धोरण मंजूर केलं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला, तो निन्टेंडोच्याच स्विचवर आला. १९८० च्या पॅक-मॅनच्या मोबाइल गेमसाठी जपानच्या बांदाई नाम्कोनं २०२१ मध्ये पुण्याच्याच सुपरगेमिंगचं तंत्रज्ञान घेतलं. सगळं पुणे-मुंबई. यवतमाळ जिल्ह्यातल्या पोराला गेम बनवायला शिकायचं असेल तर कुठं जायचं, हे मी शोधलं. उत्तर परत पुणे-मुंबईच आलं. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं पहिलं कॉम्प्युटर एमएस-सीआयटीच्या क्लासमधलं, अन् सर बाहेर गेले की त्यावर रोड रॅश. तिथं कुणी एकदा तरी सांगितलं असतं की हा कुणी तरी लिहिलेला आहे, तर?

भाऊबीजेच्या रात्री परत काँट्रा लागला. या वेळी सोयाबीनवाला दादा खेळायला बसला. पहिला रिमोट मी घेतला, न विचारता. तो दुसऱ्याच लेव्हलला मेला, तिन्ही लाइफ संपल्या. गेम ओव्हर. तो जोरात हसला, “यात हरलं तरी काई जात नाई बे.” खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग काकूंनी चिवड्याचा डबा पुढे केला.

पाचवीतल्या पोरानं रिमोट घेतला. ‘भेटते काय’ विचारणारा तो, चाळीस मिनिटांत धबधब्याच्या लेव्हलपर्यंत आला अन् मला मागं टाकून वर जायला लागला. तेवढ्यात लाइट गेली.

अंधारात त्याचा आवाज, “सेव्ह झालं असन ना?”

“नाही.”

“म्हंजे उद्या पयल्यापासून?”

“पयल्यापासून.”

सकाळी सात वाजता त्यानं मला हलवून उठवलं. दोन्ही रिमोट त्याच्याच हातात होते.