अडलेला रणगाडा

एका भगिनीनें आम्हांस पुढीलप्रमाणें विचारिलें आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं उन्हाळ्याच्या सुटींत दीड महिना खपून रेडिओनें चालणारा एक लहानसा रणगाडा जोडला. रंग सुरेख बसला, बुरूज फिरूं लागला. परंतु गाडा सरळ म्हणून चालेना. तो सारखा डावीकडे ओढतो, वळतांना कट्‌कट् असा आवाज करतो आणि दोनतीन वळणें झालीं कीं एका बाजूचा पट्टा टाकून देतो. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, मोटर कुचकामाची आहे, याहून जोरदार आणावी. वडिलांचें म्हणणें असें कीं, दहावीचें वर्ष तोंडावर आलें आहे, हें खूळ आतां माळ्यावर टाकावें. ‘दोघांपैकीं कोणाचें ऐकावें?’ असा या भगिनींचा प्रश्न आहे.

आमच्या मतें तूर्त दोघांचेंही ऐकूं नये. चिरंजीवांनीं रोग ओळखण्यापूर्वींच औषध ठरवून टाकिलें आहे, आणि वडिलांनीं तर रोग्यालाच घराबाहेर काढावयाचें योजिलें आहे. नाडी मात्र अद्यापि कोणीच पाहिलेली नाहीं.

गाडा कोणता तें पत्रांत नाहीं. सोळास एक या प्रमाणाच्या संचांत अमेरिकन शर्मन रणगाडा पुष्कळ आढळतो; शिवाय १९६५ सालीं खेमकरणच्या लढाईंत आपल्या डेक्कन हॉर्स या रिसाल्याकडे शर्मनच होते. म्हणून तोच उदाहरणादाखल घेऊं. खऱ्या शर्मनचें वजन सुमारें ३० टन व लांबी पावणेसहा मीटरांच्या आसपास असे. लांबी सोळापट कमी केली कीं गाडा सुमारें ३६ सेंटिमीटरांचा होतो; पण वजन लांबी, रुंदी व उंची या तिन्हींनीं घटत असल्यामुळें तें ४,०९६ पट कमी होतें. म्हणजे प्रमाणशीर गाडा सात किलोंच्या वर भरावा. प्लास्टिकचा संच त्याहून पुष्कळच हलका असतो. हा हलकेपणा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

शर्मनचें इंजिन मागें, परंतु पट्टा ओढणारें दांतेरी चाक पुढें असे. प्रत्येक बाजूस भार वाहणारीं सहा चाकें दोन दोनच्या तीन जोड्यांनीं स्प्रिंगांवर बसविलेलीं असत, आणि अगदीं मागें पट्ट्यास ताण देणारें चाक असे. खऱ्या गाड्यांत एकच शक्ति दोन्ही पट्ट्यांत वांटली जाई व चालक लोखंडी दांडे ओढून एक बाजू मंद करी. लहान गाड्यांत मात्र बहुधा दोन स्वतंत्र मोटरी असतात, डावीची डावी व उजवीची उजवी. तेव्हां हा गाडा म्हणजे एका जुवास जुंपलेले दोन बैलच होत. त्यांतील एक मागें रेंगाळला कीं गाडी त्याच्याच बाजूस वळणार. गाडा डावीकडे ओढतो याचा अर्थ डावा बैल रेंगाळतो, एवढाच. तो अशक्त आहे, कीं त्याच्या पायांत कांहीं अडकलें आहे, हें अजून पाहावयाचें आहे.

त्याची रीत सोपी आहे. संशयाचे दोन भाग करावे, एक भाग निर्दोष ठरवून बाजूस सारावा, आणि उरलेल्याचे पुन्हां दोन करावे. एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपावा. एकदम चार स्क्रू सैल केले आणि गाडा सुधारला, तर कोणत्या स्क्रूनें सुधारला हें कधींच कळत नाहीं.

प्रथम बॅटरी काढून ठेवावी व दोन्ही पट्टे उतरवावे. भार वाहणारें एकेक चाक बोटानें फिरवावें. निरोगी चाक थोडा वेळ आपोआप फिरत राहतें. जें लागलीच थांबतें त्याचा स्क्रू फार आवळलेला असतो, आंसास घरांतील केस वा सतरंजीचे धागे गुंडाळलेले असतात, किंवा आंसावर रंग चढलेला असतो. सुरेख रंगविलेल्या गाड्याचे आंस अवश्य पाहावे. ज्या रंगाचें घरांत कौतुक झालें तोच पुष्कळदां चाक धरून बसलेला असतो. तो बारीक काचकागदानें उतरवावा.

नंतर गाडा लांकडी ठोकळ्यावर असा ठेवावा कीं चाकें अधांतरीं राहतील. दोन्ही दांतेरी चाकांवर खडूची खूण करावी, बॅटरी जोडून गाडा मंद गतीनें चालवावा आणि दहा सेकंदांत प्रत्येकाचे किती फेरे होतात तें मोजावें. फेरे सारखे भरले, तर मोटरी व दंतचक्रें निर्दोष. दोष पट्ट्यांत वा चाकांत आहे. डावीकडे कमी भरले, तर मोटरींच्या तारांची टोंकें नियंत्रक पाटीवर अदलाबदल करून जोडावीं. मंदपणा आतां उजवीकडे गेला, तर दोष विजेच्या भागांत आहे. तो डावीकडेच राहिला, तर डावी मोटर किंवा तिची दंतचक्रपेटी, या दोहोंपैकीं एक अपराधी. मग तारा पूर्ववत् कराव्या आणि केवळ मोटरी बदलून पाहाव्या, म्हणजे निकाल लागतो. हातांतल्या प्रेषकयंत्रावर गाडा सरळ करण्याची एक लहान कळ असते खरी. पण ती सर्वांत शेवटीं वापरावी. तिनें ओढ झांकली जाते, जात नाहीं. आणि धरलेलें चाक आंतल्या आंत झिजत राहतें.

आतां पट्टा कां पडतो तें पाहूं. दांतेरी चाक, सहा चाकें आणि ताणाचें चाक हीं सर्व एका रेषेंत आहेत ना, तें सरळ फूटपट्टी लावून पाहावें. एखादा आंस किंचित् वांकला असल्यास पट्टा प्रत्येक फेऱ्यास थोडथोडा बाहेर सरकतो व वळणावर निसटतो. नंतर ताण पाहावा. वरचा पट्टा बोटानें थोडासा उचलला जावा, परंतु दांतांवरून सुटूं नये. फार ताणलेला पट्टा पडत नाहीं हें खरें, पण तो मोटरीस तापवितो व आंस झिजवितो. धातूचा पट्टा खिळे झिजल्यानें कालांतरानें लांबतो. तेव्हां दोन्ही बाजूंची एकेक कडी काढावी. येथेंच तो हलकेपणा आडवा येतो. गाडा हलका व स्प्रिंगा कडक असल्या, तर चाकें खालीं दाबलीं जात नाहींत व पट्ट्याची बैठक बिघडते. अशा वेळीं स्प्रिंगा मऊ घालाव्या, किंवा गाड्याच्या तळाशीं थोडें शिसें चिकटवावें. वजन वर, बुरुजांत, ठेवूं नये.

पट्टा पुढें जातांना पडतो कीं मागें घेतांना, हेंही टिपावें. दांतेरी चाक पुढें असलें म्हणजे पुढें जातांना वरचा पट्टा ताठ ओढला जातो. मागें येतांना मात्र तोच ढिला पडतो. दांतेरी चाक मागें असलेल्या गाड्यांत, जसें आपल्या अर्जुनांत, याच्या नेमकें उलट घडतें. ज्यांस हें खऱ्या गाड्यांवर पाहावयाचें असेल त्यांनीं मुलांना घेऊन अहिल्यानगरास (पूर्वीचें अहमदनगर) जावें. तेथें १९९४ सालीं उघडलेल्या रणगाड्यांच्या संग्रहालयांत देशोदेशींचे जुने गाडे मांडलेले आहेत. कोणाचें दांतेरी चाक पुढें व कोणाचें मागें, हें मुलांनीं स्वतः ओळखावें.

राहिली कट्‌कट्. पट्टे उतरवून गाडा मंद चालवावा व दांतेरी चाकास घडी केलेलें फडकें हलकेंच लावून किंचित् अडवावें. बोटें दांतांपासून दूर असावीं. आवाज आला, तर तो दंतचक्रांचा. न आला, तर पट्ट्याच्या कड्या दांतांवर नीट बसत नाहींत असें समजावें. दंतचक्रें एकमेकांपासून दूर असलीं तर दांत निसटतात व तुटतात. फार जवळ असलीं तर कण्हतात व तापतात. योग्य अंतरासाठीं जुना उपाय उत्तम: दोहोंच्या मध्यें पातळ कागदाची पट्टी घालावी, चक्रें जवळ दाबून स्क्रू आवळावे, आणि चक्र फिरवून कागद काढून घ्यावा. उरलेली फट पुरेशी असते. मोटर फिरते पण चाक फिरत नाहीं, तर मोटरीच्या दांड्यावरील चिमुकला स्क्रू सैल झालेला असतो. तो दांड्याच्या सपाट बाजूवर बसवून आवळावा. स्क्रू धरून ठेवणारें औषध धातूवरच लावावें, कारण कित्येक प्लास्टिकांस त्यानें तडे जातात. पट्ट्यास तेल मुळींच देऊं नये. तेलावर धूळ बसते, आणि तेलधुळीचें मिश्रण कानशीचेंच काम करतें.

आतां जोरदार मोटरीविषयीं. ती आणल्यानें कदाचित् चार दिवस गाडा चालेलही. परंतु रंगानें धरलेला आंस तसाच राहील, आणि वाढलेला जोर प्लास्टिकच्या दांतांवर पडून ते गळतील. मग पोलादी दंतचक्रें आणावीं लागतील, त्यांच्या ओझ्यास नवी बॅटरी लागेल, आणि हें सर्व ज्या आंसासाठीं तो आंस कोणी पाहिलेलाच नसेल. जोर वाढविण्यापूर्वीं अडथळा शोधावा, हें आम्ही चिरंजीवांस आग्रहानें सांगतों.

एक इशारा सर्वांसाठीं आहे. गाड्यांत हात घालण्यापूर्वीं बॅटरी प्रत्येक वेळीं काढावी. लिथियमची बॅटरी असल्यास ती नेमून दिलेल्या यंत्रावरच, मोठ्या माणसाच्या नजरेखालीं व जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हां भरूं नये.

वडिलांस आमची विनंति निराळी आहे. आपल्या घरांतून पाठांतराचें व परीक्षेचें कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झालें. कानशीचें व पान्याचें काम मात्र मिस्त्र्याचें समजून आपण त्यापासून दूर राहिलों. त्याची किंमत आपल्या मुलांनीं दिली आहे. घर्षणाची व्याख्या त्यांस मुखोद्गत असते, पण अडलेलें चाक बोटास कसें लागतें हें त्यांतील कितीकांस ठाऊक नसतें. तुमच्या मुलानें दीड महिना हातांनीं काम केलें आहे. तें अर्धवट असतां माळ्यावर गेलें, तर आपल्या हातून होत नाहीं, एवढाच धडा तो त्यांतून घेईल, आणि तो दहावीनंतरही त्याच्याबरोबर राहील.

म्हणून येत्या रविवारीं दोन तास बापलेकांनीं ठोकळा, खडू आणि वही घेऊन बसावें. वडिलांनीं फेरे मोजावे, चिरंजीवांनीं स्क्रू फिरवावे. डावीकडे किती व उजवीकडे किती फेरे भरले तें या भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावें. पुढील तपास त्या आंकड्यांवरून करूं.