बटण नको, तक्ता लिहा!

मित्रांनो, खरं सांगतो, ईथरकॅटच्या प्रॅक्टिकलला मीही ‘ऑटो’चं बटण दाबूनच जर्नल पूर्ण केलं होतं. प्रोजेक्टला मात्र फजिती झाली. सर्वो ड्राइव्हमध्ये आधी कंट्रोल वर्ड (ऑब्जेक्ट ६०४०, १६ बिट), मग टार्गेट पोझिशन (६०७ए, ३२ बिट) असा क्रम होता. मी प्रोग्राममध्ये नेमका उलटा लावला. बेरीज दोन्हीकडे ६ बाइटच, त्यामुळे एररही नाही. मोटर आपली ढिम्म! दोन रात्री गेल्या.

प्रोसेस डेटाबरोबर नावगाव जात नाही, नुसते बाइट जातात. त्यांचा अर्थ ठरतो मॅपिंगच्या तक्त्यात. म्हणून माझं मत असं, की प्री-ऑपरेशनल अवस्थेत १६०० चा सब-इंडेक्स ० शून्य करणं, एकेक नोंद भरणं आणि शेवटी नोंदींची संख्या लिहिणं, हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावं. सरांनीही नुसत्या बटणाला मार्क देऊ नयेत.

आमची मोटर नुसती रुसली. उद्या कारखान्यात चुकीच्या बाइटवर ती फिरली, तर शाफ्टजवळ कुणाचा तरी हात असेल!