नाव शाबूत राहिले पाहिजे : मराठी-गुजराती फाइलनावांसंबंधी मागणीपत्र

प्रति : सुरत शहरातील शाळा व कार्यालयांचे संगणक विभागप्रमुख आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे कंत्राटदार

विषय : कमांड लाइनवरील स्क्रिप्टमध्ये देवनागरी व गुजराती फाइलनावे सुरक्षित राहण्याबाबत



लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. महापालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. या वस्त्यांतली डीटीपीची दुकाने, झेरॉक्स सेंटर आणि शाळा-कार्यालयांतले संगणक आम्ही चालवतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, भाडेकरार, सगळे स्कॅन होऊन माणसाच्या नावाने फोल्डरमध्ये जाते. माउसने उघडेपर्यंत काही अडत नाही. रात्री बॅकअपची किंवा एकगठ्ठा नावे बदलण्याची स्क्रिप्ट चालली, की सकाळी दाखले सापडत नाहीत.

‘फाइलींना इंग्रजी नावे द्या’ हा सल्ला आम्हाला वरचेवर मिळतो. तो आम्हाला मान्य नाही. दाखल्यावर नाव मराठीत आहे, तो मागायला आलेली आई नाव मराठीतच सांगते, आणि बिऱ्हाडे हे आडनाव रोमन लिपीत ज्याचा तो आपापल्या परीने लिहितो. यंत्राला मराठी जमत नाही, हेही खरे नाही. युनिकोडमध्ये देवनागरी आणि गुजराती १९९१पासून आहेत. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था १९९३पासून नावे युनिकोडमध्येच ठेवते. डिस्कवर नाव नीट असते. मोडतोड स्क्रिप्टमध्ये होते.

ती कशी होते, हे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण इथे फाइल कायमची जाऊ शकते. विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीत अजूनही ४३७सारखी कोडपेज, म्हणजे अक्षरांचे जुने तक्ते, चालतात. ४३७ हे १९८१च्या आयबीएम पीसीचे. त्यात फ्रेंच-जर्मन स्वरचिन्हांची काही अक्षरे आहेत, देवनागरीचे एकही नाही. देवनागरीसाठी या खिडकीत चालेल असे जुने कोडपेज विंडोजने कधी दिलेच नाही. त्यामुळे फोल्डरची यादी मजकूर फाइलमध्ये उतरवली, की प्रत्येक मराठी अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी प्रश्नचिन्ह येते. खिडकीत चौकोन दिसले तर घाबरू नये, तो बहुधा फक्त फॉन्टचा अभाव असतो. प्रश्नचिन्ह यादीत उतरले, तर नाव गेले. आणि विंडोजच्या आज्ञांमध्ये प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा आहे, आणि नावाच्या शेवटी ते रिकाम्या जागेशीही जुळते. अशी यादी वाचून स्क्रिप्टने पाच प्रश्नचिन्हांची पीडीएफ पुसायची आज्ञा दिली, तर पाच अक्षरांपर्यंतच्या नावाची त्या फोल्डरमधली प्रत्येक पीडीएफ पुसली जाते. एकाची जुनी प्रत काढताना दुसऱ्याचा दाखला जातो.

म्हणून आमची पहिली मागणी : प्रत्येक बॅच फाइलच्या सुरुवातीला कोडपेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, लावलेच पाहिजे. यादी मजकूर फाइलमध्ये उतरवून ती परत वाचण्याची पद्धत बंद करावी. स्क्रिप्टने नावे थेट फाइलव्यवस्थेकडून घ्यावीत. पॉवरशेल ५.१ वापरात असेल आणि स्क्रिप्टच्या आत मराठी मजकूर असेल, तर ती स्क्रिप्ट बीओएमसहित (फाइलच्या सुरुवातीच्या खुणेसहित) यूटीएफ-८मध्ये जतन करावी. बीओएम नसेल तर ही आवृत्ती तिला जुन्या कोडपेजमधली समजून वाचते.

दुसरी मागणी : नाव ‘स्वच्छ’ करण्याच्या नावाखाली मात्रा काढणे थांबवावे. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये ‘शब्दातले अक्षर’ या चिन्हात काना, वेलांटी, मात्रा बसत नाहीत. उरलेले काढून टाका, असे सांगितले की ‘पाटील’चे ‘पटल’ होते आणि ‘पटेल’चेही ‘पटल’च होते. सुरतेत या दोन आडनावांची माणसे एकाच शाळेत, एकाच वर्गात सापडतात. नंतर आलेली फाइल आधीच्या फाइलवर बसते, आणि स्क्रिप्ट ‘काम पूर्ण’ असे कळवते. विंडोज जी मोजकी चिन्हे नावात चालू देत नाही, तेवढीच बदलावीत. एकाच नावाची फाइल आधीपासून असेल तर स्क्रिप्टने थांबून विचारावे, मुकाट्याने वर लिहू नये.

तिसरी मागणी खास मराठीची आहे. बिऱ्हाडे, कुऱ्हाडे यांतला ऱ् तीन प्रकारे साठवला जातो : ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त; साधा र, नुक्ता आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखेच, पण यंत्राच्या लेखी तीन वेगळी नावे. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था पहिल्याचे रूपांतर आपोआप दुसऱ्यात करते, म्हणून मॅक वापरणाऱ्या छपाईच्या दुकानातून आलेली फाइल शाळेच्या यादीशी जुळत नाही. युनिकोडच्या एनएफसी रूपांतराने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. ‘ॲडमिशन’मधल्या ॲ चीही हीच गत. २००८ साली त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, पण त्याआधीच्या फाइलींत तो अ आणि चंद्र असा आहे, आणि एनएफसी त्यांनाही जोडत नाही. तुलना करण्यापूर्वी ही सर्व रूपे एक करणारा भाग प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असावा. मूळ फाइलचे नाव मात्र तसेच राहावे.

लिनक्सवर बॅकअप घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्रॉनमधून चालणाऱ्या कामाला यूटीएफ-८ लोकेल स्पष्टपणे द्यावे. हाताने चालवलेली स्क्रिप्ट नीट चालते आणि रात्री तीच अडते, याचे कारण बहुतेक वेळा तेच असते. दुसरे, तिथे नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे मात्रा धरून फक्त ८५ चिन्हे. लांब नावे कापू नयेत, अडवून कळवावीत.

शेवटची मागणी कंत्राटासंबंधी आहे. कोणतीही स्क्रिप्ट स्वीकारण्यापूर्वी पाटील, पटेल, तिन्ही रूपांतले बिऱ्हाडे, दोन्ही रूपांतले ॲडमिशन, गुजराती लिपीतले एखादे नाव आणि मध्ये मोकळी जागा असलेले एक नाव, एवढ्या फाइलींवर ती आमच्यासमोर चालवून दाखवावी. फाइली मोजून, नावे ताडून, मगच बिल मंजूर करावे. ही चाचणी घ्यायला आम्ही मोबदला न घेता येऊ.

या मागण्या अमलात येईपर्यंत मूळ स्कॅनच्या फोल्डरवर पुसणारी किंवा नावे बदलणारी कोणतीही स्क्रिप्ट चालवू नये. ती आजपासूनच बंद ठेवावी, ही आग्रहाची विनंती.