नानांच्या हातातलं घड्याळ

बरेच दिवस झाले, काही लिहिणं झालं नाही. मिरचीचा आणि कापसाचा हंगाम होता, शिवाय घरात दुखणं होतं, त्याबद्दल पुढे येईलच. परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, तुमच्याकडे सिल्लोडला स्मार्टवॉच चालतात का हो? म्हणजे ते हार्टबिट, ऑक्सिजनवालं. लोक वापरतात का?"

मी म्हटलं, चालतात म्हणजे काय, पळतात! आठवडी बाजारात उभं राहून बघ, दहातल्या चार पोरांच्या मनगटावर ते चौकोनी काळं घड्याळ दिसेल. मोबाईल शॉपीत बाराशे-पंधराशेला मिळतं. लग्नात नवरदेवाच्या मित्रांच्या हातात तर झाडून सगळ्यांच्या.

पण फोन ठेवल्यावर वाटलं, आपण उत्तर घाईत दिलं. म्हणून मग ओळखीच्या सात-आठ जणांना सहज विचारलं, की बाबा, तू हे कशासाठी घालतो? एकाने सांगितलं, मोटारसायकलवर असताना कोणाचा फोन आहे ते दिसतं. दुसरा म्हणाला, दिसायला भारी दिसतं. तिसऱ्याचा पट्टा तुटला होता आणि घड्याळ खिळ्याला लटकलेलं. चौथ्याचं दोन महिन्यांपासून चार्जच केलेलं नव्हतं. हार्टबिट बघतो असं म्हणणारा एकच निघाला, तोही बावीस वर्षांचा, रोज पोलीस भरतीसाठी पळणारा. ज्याला हृदयाची काडीचीही काळजी करायची गरज नाही असा.

आकडेही साधारण हेच सांगतात. आयडीसी ही संस्था असल्या वस्तूंचा बाजार मोजते. तिच्या हिशेबाने २०२३ मध्ये भारतात पाच कोटी तीस लाखांच्या वर स्मार्टवॉच बाजारात आली, आणि २०२४ मध्ये तोच आकडा साडेतीन कोटींवर उतरला. एका वर्षात एक तृतीयांश गळती! सरासरी किंमत दोन हजारांच्या आत. म्हणजे घड्याळ महाग म्हणून लोकांनी सोडलं असं नाही. एकदा घेतलं, हौस फिटली, दुसरं घ्यावंसं वाटलं नाही.

घड्याळ 'चालणं' म्हणजे काय ते आमच्या नानांच्या पिढीला विचारा. बंगलोरच्या एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला सुरुवात केली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जावयाला घड्याळ द्यायचं तर एचएमटीच, असा रिवाजच पडला. नानांना त्यांच्या लग्नात सासऱ्याने एचएमटी जनता दिलं. त्याशिवाय नाना मांडवात रुसून बसले होते असं आई सांगते, नाना नाकारतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर भाताची एक उत्तम जात निवडून काढली, तर तिला नाव पडलं एचएमटी, त्या काळात गाजत असलेल्या घड्याळावरून. तांदळाला घड्याळाचं नाव! याला म्हणतात लोकांच्या मनात बसणं. उद्या कोणी कापसाच्या वाणाला या नव्या घड्याळांपैकी एखाद्याचं नाव देईल असं मला तरी वाटत नाही.

असो. तर नानांचं दुसरं घड्याळ. गेल्या दिवाळीला भाच्याने आजोबांसाठी एक स्मार्टवॉच आणलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माझा मुद्दा त्या एका कंपनीचा नाही. वय ७१, बीपीची गोळी चालू, तेव्हा आजोबांच्या तब्येतीवर लक्ष राहील, अशी त्या पोराची खरी माया होती. पहिले पंधरा दिवस घरात नुसता सोहळा. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला हात पुढे करून दाखवायचे, "हे पाहा, ठोके किती. हे पाहा, हवा किती." ऑक्सिजनला ते हवा म्हणतात. वहिनीने एक दिवस ते घालून अर्धा दिवस कापूस वेचला. संध्याकाळी बघतो तर कितीतरी हजार पावलं! वेचणारा हात बोंडाकडून ओटीकडे सारखा हलतो, ते बिचारं घड्याळ त्यालाच चालणं समजलं. माझ्या मोटारसायकलवरही त्याने पावलं मोजली, पण त्यात घड्याळाचा दोष किती आणि आमच्या रस्त्याचा किती हे सांगणं कठीण आहे. :)

दिवसाला दहा हजार पावलं हे जे सगळीकडे ऐकू येतं, तेसुद्धा काही कुठल्या वैद्यकशास्त्राच्या ग्रंथातून आलेलं नाही. जपानमध्ये १९६५ च्या सुमाराला कमरेला लावायचं एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव ऐकायला छान, म्हणून आकडा जगभर चिकटला. वहिनीला हे सांगितलं तर म्हणाली, "मला कशाला मोजायला पाहिजे, पाय सांगतात की रात्री."

मग एकदा माझ्या पुतण्याने घड्याळ गुंडाळी केलेल्या टॉवेलला बांधलं. टॉवेलचे ठोके आले ७२. सगळे पोट धरून हसलो. नानाही हसले. हसण्यावारी नेलं, हीच चूक झाली.

त्याचं कारण नंतर वाचून समजलं. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो ना, त्याचा उजेड कातडीत शिरतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, ठोक्यागणिक रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा उजेड कमीजास्त होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. ऑक्सिजनसाठी लाल आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड वापरतात. चांगल्या घड्याळात ही युक्ती बरीच नेमकी चालते. स्वस्त घड्याळाला मात्र परत येणाऱ्या उजेडात काहीतरी हलताना दिसलं की ते आकडा देऊन मोकळं होतं. "मला कळत नाही" असं ते सहसा म्हणत नाही. बीपीचं तर त्याहून पुढे. दंडाला पट्टा आवळून, रक्त थांबवून, मग मोजायची ती गोष्ट. नुसत्या उजेडावरून काढलेला आकडा हा अंदाज असतो. आणि सुई न टोचता साखर सांगतो म्हणणारी घड्याळंही बाजारात आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत लोकांना उघड सांगितलं की असलं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, त्यावर विसंबू नका.

आता त्या रात्रीचं. हे मी ताईला अजून नीट सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल. तिच्या लेकाने यात स्वतःला दोष लावून घेऊ नये म्हणून आधीच सांगतो, दोष माझा आहे.

जेवणं झाली होती. साडेदहाच्या सुमारास नाना म्हणाले, छातीवर दडपल्यासारखं वाटतं. आई घाबरली. नानांनी हात पुढे केला, "काही नाही, हे पाहा. ठोके ७८, हवा ९८. वांग्याची भाजी झाली जास्त, गॅस असंल." मीही बघितलं. ७८ आणि ९८. खरं सांगतो, इतकं हायसं वाटलं! घड्याळ नसतं तर मी लगेच गाडी काढली असती, कारण बीपीचा माणूस छातीवर दडपण म्हणतो म्हटल्यावर घाबरायला मला आकडा लागला नसता. पण आकडा होता, चांगला होता, म्हणून ओवा दिला, पाणी दिलं, आणि झोपलो. मध्ये एकदा उठून पुन्हा घड्याळ बघितलं, नानांकडे नाही. पहाटे तीनला नाना घामाने भिजलेले. इथल्या दवाखान्यात ईसीजी काढला, डॉक्टरांनी कागद बघितला आणि एवढंच म्हणाले, "ताबडतोब निघा." सिल्लोडहून संभाजीनगर साधारण पासष्ट किलोमीटर (औरंगाबाद म्हणायची माझी जीभ अजून वळत नाही, पण असो). शेजाऱ्याची गाडी, पुढे अंधार, मागे आईच्या मांडीवर नानांचं डोकं, आणि त्यांच्या मनगटावर तो हिरवा दिवा लुकलुक करतोय.

नाना वाचले. स्टेंट बसला. पण हृदयाचा एक भाग कायमचा मंदावला. पूर्वी डोक्यावर पोतं घेऊन माळ्यावर चढायचे, आता आठ पायऱ्यांना दोनदा थांबतात. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, साहेब, घड्याळात तर सगळं बरोबर होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ठोके बरोबर होते, ऑक्सिजनही बरोबर होता. हार्ट अटॅकमध्ये सुरुवातीला असू शकतं तसं. बंद झाली होती ती हृदयाची रक्तवाहिनी, आणि ती त्या घड्याळाला दिसत नाही."

नंतर शोधलं तर दिसलं की लाखभर रुपयांच्या आसपास जाणाऱ्या ॲपलच्या घड्याळातसुद्धा, ज्यात २०१८ पासून ईसीजी आहे, कंपनी स्वतःच लिहून देते की हे हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. त्याचा ईसीजी एका बाजूने हृदय बघतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी. ते घड्याळ ज्यासाठी खरंच उपयोगी आहे ती गोष्ट वेगळी: अनियमित ठोके, ज्यातून पुढे लकवा होऊ शकतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी चार लाख एकोणीस हजार लोकांच्या घड्याळांवर अभ्यास केला, तो २०१९ मध्ये छापून आला. त्यात हजारात पाच जणांना घड्याळाने इशारा दिला, आणि पुढे तपासणी झालेल्यांतल्या बऱ्याच जणांना खरोखर तो आजार निघाला. ही थोडीथोडकी गोष्ट नाही. मी घड्याळांच्या विरोधात नाही, हे लक्षात घ्या. पण त्या अभ्यासातही इशारा आलेल्या माणसाला डॉक्टरशी बोलता येण्याची सोय होती आणि छातीला लावायची पट्टी घरपोच जात होती.

इथेच मला आमच्या आशाताई आठवतात. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. कोरोनाचे दिवस, लोक दार उघडायला तयार नाहीत, आणि या बाया ऑक्सिमीटर आणि ताप मोजायचं यंत्र घेऊन घरोघर. त्यांच्या हातातलं ते बोटाचं चिमटं काही फार मोठं यंत्र नव्हतं. पण आमच्या गल्लीत एका आजींचा आकडा ९१ आला, तर ताई तिथून हलल्या नाहीत. तीनदा मोजलं, बोट बदललं, फोन लावला, गाडी येईपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या. आकडा चांगला आला तरी विचारायच्या, "पण दम लागतो का? जेवण जातं का?" नानांच्या घड्याळाने तेवढं विचारलं असतं तर!

मला वाटतं, भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आरोग्याचं घड्याळ म्हणून ही वस्तू आमच्याकडे चाललेली नाही. मनगटावर बसली, पण कामाला लागली नाही. कारण आकडा बघायला पलीकडे कोणी नाही. एचएमटीने सांगितलेल्या वेळेला अर्थ होता, कारण त्या वेळेवर एसटी यायची (निदान यायला पाहिजे असायची), शाळा भरायची. ७८ ला अर्थ कोणी द्यायचा? मी दिला, आणि चुकीचा दिला. आपल्याच राज्यात २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत स्टेमी नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात सरकारी दवाखान्यात काढलेला ईसीजी तिथल्या तिथे दूरच्या तज्ज्ञाकडे जातो आणि काही मिनिटांत उत्तर येतं. तालुक्याच्या गावाला त्याची गरज घड्याळापेक्षा जास्त आहे. उद्या घड्याळाचा इशारा अशा कुठल्या माणसापर्यंत जायला लागला, आणि तो माणूस फोन करून "दम लागतो का?" विचारायला लागला, तर मीच पहिला आईसाठी एक घेईन. नुसता आकडा विकणार असाल तर दोन वर्षांत सगळी खिळ्याला.

तुमच्यापैकी कोणाला उलट अनुभव असेल तर जरूर सांगा, मला ऐकायला आवडेल. माझं मत एका रात्रीवरून बनलं आहे हे मलाही कळतं.

नानांनी आता डाव्या हाताला पुन्हा एचएमटी बांधलं आहे, सकाळी उठून किल्ली देतात. मी मेडिकलमधून दंडाला पट्टा लावायचं बीपीचं मशीन आणलं. मंगळवारी आणि शुक्रवारी आई वहीत आकडा लिहिते, महिन्याला ती वही डॉक्टर बघतात. भाच्याचं घड्याळ मात्र टाकलेलं नाही, ते उजव्या हाताला आहे. ठोके, हवा, पावलं, जे जे बंद करता आलं ते मी बंद केलं. एक गजर तेवढा ठेवलाय. रात्री आठला ते थरथरतं, नाना दचकतात, "आलं बरं का" म्हणतात आणि गोळी घेतात.